वळणावरची झाकलेली गाडी

मी आयुष्यात सार्वजनिक काम एकच केलं. ते शंभर टक्के यशस्वी झालं, आणि तेव्हापासून आमच्या घरात फार कमी बोललं जातं. भांडण झालेलं नाही. चहा वेळेवर मिळतो, शर्टाला इस्त्री असते. पूर्वी चहाबरोबर दोन वाक्यं यायची, ती तेवढी आता येत नाहीत.

सुरुवात सुक्या कचऱ्यापासून झाली. आमच्या वसाहतीत सहा इमारती आहेत आणि त्यांच्यामधून एकच रस्ता जातो, तो आमच्या इमारतीपाशी काटकोनात वळतो. दर गुरुवारी सकाळी आठ वाजता पालिकेची छोटी गाडी या वळणावरून आत यायची आणि पुठ्ठे, बाटल्या, डबे, रद्दी असं सगळं घेऊन जायची. मग पालिकेने मोठी गाडी आणली. पोटात दाबयंत्र असलेली, पेपरात फोटो छापून आलेली. ती पहिल्या गुरुवारी आमच्या वळणावर आली, दोनदा मागेपुढे झाली आणि उलटी निघून गेली. कारण वळणाच्या आतल्या कडेला, जिथे भिंतीवर ‘येथे वाहने उभी करू नयेत’ असं ठळक लिहिलं आहे, बरोबर त्या अक्षरांखाली एक गाडी उभी होती. करड्या कव्हरात नखशिखान्त झाकलेली.

ती तिथे कधीपासून होती हे कुणालाच सांगता येईना. वर्षभर तरी असावी. छोटी कचरागाडी तिच्या बाजूने निघून जायची, त्यामुळे कुणाच्या नजरेत ती आली नव्हती. कव्हर उचलून नंबर बघणं सगळ्यात सोपं होतं, पण आमची वसाहत सभ्य लोकांची आहे. दुसऱ्याच्या गाडीचं कव्हर उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात डोकावणं, असं आमच्यात मानतात. शिवाय कव्हर खालून सुतळीने बांधलं होतं. मी एकदा वाकून पाहिलं. बारा गाठी, सगळ्या एकसारख्या, प्रत्येकीचं टोक आत खुपसलेलं. मालक नियम मोडत असला तरी माणूस शिस्तीचा आहे, एवढं माझ्या मनात आलं आणि मी सरळ झालो.

माझं स्वतःचं चारित्र्य या बाबतीत स्वच्छ होतं, हेही सांगून ठेवतो. आमच्याकडे गाडीच नाही. होती, बाबांची. गेल्या वर्षी त्यांनी ती गेटच्या खांबाला घासली तेव्हा मी म्हटलं, आता पुरे, काढून टाका. ते म्हणाले, “मेकॅनिककडे देतो.” गाडी दारातून गेली आणि विषय तिथेच संपला. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला दुसऱ्याच्या गाडीबद्दल फार स्वच्छपणे बोलता येतं.

दुसऱ्या गुरुवारी मी कचरागाडीच्या ड्रायव्हरला गाठलं. म्हटलं, “गाडी इथे थांबवून माल उचलून न्या की.”

“गाडीपासून दहा पावलांच्या पुढचा माल उचलायचा नाही, असं लेखी आहे साहेब.”

“मग आम्ही गेटबाहेर आणून ठेवतो.”

“ठेवा. उघड्यावर कचरा टाकला म्हणून मलाच कळवावं लागेल.” त्याने वही काढली आणि ‘वळण बंद, परत’ असं लिहिलं. असे बारा शेरे झाले की वसाहत यादीतून बाद, ही माहितीही त्याने दिली. माणूस वाईट नव्हता. जाताना हात हलवून गेला.

त्यानंतर आमच्या घरात काय झालं ते सविस्तर सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. सुका कचरा सडत नाही, हाच त्याचा दुर्गुण. ओला कचरा दोन दिवसांत माणसाला निर्णय घ्यायला लावतो. सुका नुसता बसून राहतो आणि पाहुण्यासारखा पाय पसरतो. आधी गॅलरी भरली, मग पॅसेज, मग बाथरूमची अर्धी भिंत. मी पाचव्या आठवड्यापासून चाळीस रिकाम्या बाटल्यांच्या समोर आंघोळ करत होतो आणि मला त्यांचा संकोच वाटत होता.

या सगळ्यात तक्रारीचा एक शब्द न काढता राबत होते ते फक्त बाबा. वय एक्क्याऐंशी. चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेली, त्यामुळे कागद हातात आला की तो सरळ करूनच खाली ठेवायचा ही सवय. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून ते खोलीतून फारसे बाहेर येत नसत. सकाळी वळणापर्यंत चालून येत, तेवढंच, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. आता मात्र ते रोज तीन तास कचरा आवरू लागले. बाटल्या धुवायच्या, लेबलं सोडवायची, पुठ्ठे दाबून चपटे करायचे, रद्दीचे गठ्ठे सुतळीने बांधायचे. मी बायकोला म्हटलं, “बघ, माणसाला काम मिळालं की कसा उभा राहतो.”

ती म्हणाली, “अहो, जाऊ द्या ना ती गाडी. आपण बाटल्या कमी आणू.”

बायकांना तत्त्वाचं महत्त्व कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

मी पहिली चिठ्ठी अत्यंत नम्र लिहिली. ‘माननीय गाडीमालक’ अशी सुरुवात करून ती कपड्याच्या क्लिपने कव्हरला अडकवली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी नव्हती आणि क्लिप आमच्या गॅलरीतल्या दोरीवर परत आली होती. मी चक्रावलो. तिसऱ्या मजल्यावरचे विमावाले आमच्या वसाहतीत सल्ल्याचं खातं सांभाळतात. त्यांनी ताबडतोब निष्कर्ष काढला.

“म्हणजे माणूस आपल्याच इमारतीतला आहे, तुमच्या घरात त्याची ये-जा आहे आणि तो तुम्हाला खिजवतोय.”

आता मागे वळून पाहतो तेव्हा यातली पहिली दोन वाक्यं अचूक होती, हे मला मान्य करावं लागतं. तिसऱ्या वाक्याने मात्र माझं डोकं फिरलं. दुसरी चिठ्ठी मी ‘माननीय’ वगळून लिहिली. तिसरीत ‘लाज’ हा शब्द होता. चौथी इथे देत नाही. चारही गेल्या, चारही क्लिपा परत आल्या.

मग सभा झाली. सभेत सगळ्यांनी गाडीचा निषेध केला आणि गाडीचं काय करावं यावर कुणीच बोलेना. अध्यक्षांची स्वतःची गाडी आग विझवायच्या नळासमोर असते, खजिनदारांची दुसऱ्या इमारतीच्या जिन्याला टेकलेली असते. “नियम लावायचाच म्हटला तर तो सगळीकडे लागतो, याचाही विचार व्हावा,” असं अध्यक्ष म्हणाले, आणि सगळ्यांनी तो विचार करून चहा घेतला. पाठपुराव्याचं काम एकमताने माझ्याकडे आलं. टाळ्याही पडल्या, हे मी घरी येऊन सांगितलं. बाबा पुठ्ठा दुमडत होते, ते थांबले आणि परत दुमडू लागले.

पालिकेत तीन खिडक्या पाहिल्या. कचरा विभागाने सांगितलं, गाडी हा कचरा नव्हे. वाहतूक विभागाने सांगितलं, वसाहतीच्या आतला रस्ता हा रस्ता नव्हे. तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, नंबर काय? मी म्हटलं, झाकलेली आहे. त्या म्हणाल्या, नंबर नाही तोवर ते वाहन आहे हे तरी कशावरून? मी कचेरीच्या बाकावर पंधरा मिनिटं नुसता बसून होतो. पंचावन्न वर्षांच्या माणसाला रस्ता, गाडी आणि कचरा या तीन गोष्टी ओळखता येत नाहीत असं तीन लोकांनी एका सकाळी सांगितलं, तर बसावंच लागतं.

त्या संध्याकाळी मी सविस्तर अर्ज लिहिला आणि सवयीप्रमाणे बाबांना दाखवला. शाळेतल्या पहिल्या निबंधापासून माझा एकही कागद त्यांच्या पेन्सिलीतून सुटलेला नाही. त्यांनी दोन काने सरळ केले, एक वाक्य तोडलं आणि ‘बेवारस गाडी’ यातल्या पहिल्या शब्दावर रेघ मारली.

“हे नको.”

“का? बेवारसच आहे ती.”

“खात्री नसताना असं लिहू नये. ‘झाकलेली’ लिही. दिसतं तेवढंच लिहावं.”

मी ‘झाकलेली’ लिहिलं. बाबांच्या पेन्सिलीशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नाही.

दहावा शेरा पडला त्या गुरुवारी बायको पॅसेजमध्ये घसरली. एक बाटली ढिगातून सुटून पायाखाली आली. मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर आलं, सहा आठवडे. आता मला खरोखर राग आला. दवाखान्यातून परत येताना मी त्या करड्या कव्हरावर हात आपटला. बाबा मागून येत होते. घरी आल्यावर त्यांनी सगळ्या बाटल्या एकट्याने बाथरूममधून आपल्या खोलीत नेल्या आणि पलंगाभोवती रचल्या. त्या दिवसापासून ते बाटल्यांच्या मधून वाट काढत झोपायला जात होते.

मी तिसऱ्या खिडकीवर परत गेलो आणि बाईंना प्लास्टरचं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. दोन प्रकार आहेत, त्या म्हणाल्या. ‘अनधिकृत’ लिहिलं तर मालक शोधायचा, नोटीस द्यायची, मुदत द्यायची, मुदत वाढवायची. ‘बेवारस’ लिहिलं तर नंबरसुद्धा लागत नाही. या गाडीला सहा महिन्यांत कुणी वाली आलेला नाही, असं तक्रारदाराने आणि एका रहिवासी साक्षीदाराने सही करून दिलं की सात दिवसांत गाडी उचलतात. “आणि कुठे ठेवतात?” मी विचारलं. “ठेवत नाहीत. थेट भंगारात. दाबून पत्रा करतात. पुनर्वापर होतो त्याचा,” त्या म्हणाल्या.

माझ्या मनात समाधान दाटून आलं. पर्यावरणाचंही काम होणार होतं.

साक्षीदार मात्र मिळेना. अध्यक्षांना नळाची आठवण झाली. विमावाले म्हणाले, “आमच्या धंद्यात सही जपून करावी लागते, पण मी मनाने तुमच्याबरोबर आहे.” टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणाला चष्मा सापडेना, कुणाला पेन. शेवटी दुपारी मी फॉर्म घेऊन बाबांच्या खोलीत गेलो. ते पलंगावर बसून गठ्ठा बांधत होते.

“बाबा, इथे सही करा.”

त्यांनी फॉर्म घेतला आणि पेन्सिल शोधली. ते वाचत असताना कुणी बोलायचं नसतं. मी बाटल्या मोजत उभा राहिलो.

“यात लिहिलंय की ही गाडी कुणाचीही नाही.”

“नाहीच आहे.”

“तू विचारलंस सगळ्यांना?”

“सहाही इमारतींत. दारोदार फिरलोय बाबा. सगळ्यांना विचारलं.”

“सगळ्यांना,” ते म्हणाले. मग फॉर्म मांडीवर ठेवून, “सूनबाईचा हात कसा आहे?”

“दुखतोय. रात्री झोप लागत नाही तिला.”

त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली, माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि सही केली. पूर्ण नाव, खाली तारीख, तारखेखाली रेघ. फॉर्म परत देताना त्यांनी त्याची घडी दोनदा दाबली. मी खुशीत होतो. त्या दिवशी मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही.

सात दिवसांनी, बाराव्या गुरुवारी, पालिकेचा निरीक्षक क्रेन घेऊन आला. पाठोपाठ कचरागाडीही येऊन उभी राहिली. दोन्ही गाड्यांच्या घरघरीने अख्खी वसाहत खाली आली. सही करायला न सापडलेले सगळे चष्मे त्या दिवशी हजर होते. विमावाले माझ्या शेजारी उभे राहून लोकांना हात करत होते. निरीक्षकाने खिशातून चाकू काढला आणि तो कव्हराच्या सुतळीकडे वाकला.

“कापू नका. सोडतो मी.”

बाबा गर्दीतून पुढे आले. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. ती त्यांनी माझ्याकडे दिली, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि पहिली गाठ सोडली. मग सरकून दुसरी. बारा गाठी सोडायला त्यांना बराच वेळ लागला आणि तेवढ्या वेळात मला त्या गाठी दिसल्या. आई तीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होती. माझ्या दप्तरातला डबा, सहलीचं अंथरूण, बोर्डिंगला धाडलेली पुस्तकं, सगळं या गाठीने बांधलेलं होतं. दुहेरी फास, वरून आडवा वेढा, टोक आत. गेले तीन महिने माझ्या घरातला प्रत्येक गठ्ठा या गाठीने बांधला जात होता आणि मी त्यांना ओलांडून आंघोळीला जात होतो.

कव्हर खाली आलं. बाबांची गाडी. दारावर गेटच्या खांबाचा ओरखडा. चालकाशेजारच्या सीटवर निळी उशी, आईची. शेवटचं वर्षभर दवाखान्यात जाता-येताना तिची पाठ टेकत नसे, म्हणून बाबांनी आणलेली. सीट मागे ढकललेली होती, तिला पाय लांब करता यावेत इतकी.

मी पिशवीत पाहिलं. गाडीचे सगळे कागद, क्रमाने लावलेले. आणि चार चिठ्ठ्या, माझ्या अक्षरातल्या. चौथीतल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या होत्या.

निरीक्षकाने नंबर टिपला, कागद चाळले, मग माझा फॉर्म पाहिला. “मालक आणि साक्षीदार एकच नाव कसं काय?”

“थांबवा,” मी म्हटलं. “चूक झाली. आमचीच गाडी आहे.”

“तुमची? मग तुम्हीच तक्रार केलीत, यांनीच साक्ष दिली की हिला वाली नाही.” तो माणूस खरोखर गोंधळला होता. “थांबवायचं तर थांबवतो. पण खोटी साक्ष म्हणून आजोबांना कचेरीत यावं लागेल. जबाब द्यावा लागेल.”

“मी देतो जबाब,” मी म्हटलं. “मी येतो.”

“नको,” बाबा म्हणाले. “सही झालेल्या प्रुफात बदल करत नाहीत. न्या तुम्ही.”

ते दार उघडून आत बसले. चालकाच्या सीटवर. मिनिटभरच, कारण कचरागाडी हॉर्न देत होती. बाहेर आले तेव्हा हातात उशी होती. क्रेनने गाडी उचलली, तेव्हा कोरड्या डांबरावर तिच्याएवढी एक स्वच्छ चौकोनी जागा दिसली. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती, त्या कुठेतरी मध्येच थांबल्या.

त्यानंतर वीस मिनिटांत कचरागाडी आमचा तीन महिन्यांचा ढीग घेऊन गेली. ड्रायव्हरने कव्हराकडे बोट दाखवून विचारलं, हेही द्यायचं का? बाबांनी त्याची घडी घातली, सुतळीने बांधलं आणि स्वतः उचलून दिलं.

संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, “तू तरी सांगायचंस.”

ती प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. “मला पहिल्याच दिवशी गाठ बघून कळलं होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्हालाही कळलंय.”

“आणि कळूनही मी हे सगळं करतोय, असं वाटलं तुला?”

ती उठून एका हाताने चहाचं आधण ठेवायला गेली. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलं असेल तर ते हे. आणि अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावरच्या मोकळ्या जागेत विमावाल्यांची गाडी उभी होती. “रिकामी होती म्हणून लावली, तात्पुरती,” ते म्हणाले. पुढच्या गुरुवारी कचरागाडी आली, दोनदा मागेपुढे झाली, ड्रायव्हरने ‘वळण बंद, परत’ असं लिहिलं आणि मला हात हलवून तो निघून गेला. गॅलरीत बाटल्या पुन्हा जमू लागल्या आहेत. आता त्या मी धुतो. रद्दीही मीच बांधतो, आणि दाराशी नेईपर्यंत ती सुटते.

बाबा सकाळी वळणापर्यंत जात नाहीत. पलंगावर बसलेले असतात, पाठीशी उशी. काल मी विमावाल्यांच्या गाडीविरुद्ध अर्ज लिहिला. गाडी त्यांची आहे हे अख्ख्या वसाहतीला ठाऊक आहे, नंबरही ठाऊक आहे. तरी मी मुद्दाम दुसऱ्याच ओळीत लिहिलं, ‘सदर बेवारस गाडी’. अर्ज आणि टोक केलेली पेन्सिल बाबांच्या हातात दिली आणि समोर बसून राहिलो.

त्यांनी अर्ज वाचला. शेवटपर्यंत वाचला. पेन्सिल माझ्याकडे परत दिली.

“ठीक आहे,” ते म्हणाले.